एका माशीचे घर

आपल्याकडे मूल जन्मास आले, म्हणजे घरातील वडीलधारी स्त्री काष्ठौषधींच्या दुकानातून बाळगुटीची पुडी मागविते. वेखंड, सुंठ, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग अशी ती सारी मंडळी सहाणेवर एकामागून एक उगाळावयाची, कोणाचे किती वेढे द्यावयाचे हे आजीने ठरवावयाचे, आणि ते चाटण बाळाच्या जिभेवर ठेवावयाचे, हा क्रम पुष्कळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ह्या पुडीत मायफळ नावाची एक गोल, जड व खडबडीत गोळी असते, आणि काकडशिंगी नावाची एक पोकळ, वाकडी वस्तू असते. एकीच्या नावात फळ आहे व दुसरीच्या नावात शिंग आहे. परंतु मायफळ हे फळ नव्हे आणि काकडशिंगी हे शिंग नव्हे. आशिया मायनर, इराण वगैरे देशांत ओक जातीचे एक झुडूप होते. त्याच्या डहाळीवर गांधीलमाशीच्या कुळातील एक अगदी चिमुकला कीटक अंडे घालतो, आणि त्या अंड्यातील अळीभोवती झाड जी गाठ वाढविते ती गाठ म्हणजे मायफळ. हिमालयाच्या पश्चिम भागातील एका झाडाच्या पानांवर माव्याच्या जातीचे किडे वस्ती करतात. त्यांच्यासाठी पानाचा जो पोकळ शिंगासारखा फुगा होतो, ती काकडशिंगी. तेव्हा हा लेख वाचणाऱ्या विद्यार्थिमित्रांपैकी पुष्कळांनी, दात येण्यापूर्वीच, किड्यांची दोन घरे चाखलेली आहेत, असे म्हणावयास हरकत नाही!

अशा गाठी शोधण्यास इराणास किंवा हिमालयास जावे लागते असे नाही. आंब्याच्या पानांवर वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान पुटकुळ्या आलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. करंजाच्या पानांवर तर त्या इतक्या दाट असतात की, पान मूळचेच तसे असावे असे वाटते. ह्या गाठी म्हणजे झाडाचा रोग एवढेच समजून आपण पुढे जातो. परंतु रोगात आणि ह्यात एक मोठा भेद आहे. रोगाने शरीर झिजते, सडते, वाकडेतिकडे होते. गाठीचा आकार मात्र ठरलेला असतो. ज्या जातीचा कीटक, त्या जातीची गाठ. कुशल कारागिराने एकाच नकाशावरून शंभर घरे बांधावी, त्याप्रमाणे शंभर पानांवर शंभर गाठी सारख्याच येतात. आणि विशेष हे की, हा कारागीर कीटक नव्हे. कीटक आत असतो, खातो व वाढतो; भिंत बांधणारे झाड असते.

ही गोष्ट मनुष्यास सहज उमगली नाही. इटलीतील फ्लॉरेन्स येथे फ्रान्चेस्को रेडी नावाचा एक वैद्य होता. कुजलेल्या मांसात अळ्या आपोआप उत्पन्न होतात, ही जुनी समजूत त्याने १६६८ साली प्रयोगाने खोडून काढली. मांसाचे भांडे झाकून ठेवले की माशीला अंडी घालता येत नाहीत, आणि अळ्याही होत नाहीत, असे त्याने दाखविले. असा हा चिकित्सक पुरुष; परंतु झाडाच्या गाठींतील अळ्या झाडाच्याच अंगच्या शक्तीने जन्मतात, असे त्याला वाटत असे! पुढे १६७९ साली मार्चेल्लो माल्पिगी ह्या त्याच्याच देशबांधवाने वनस्पतींच्या रचनेवरील आपल्या ग्रंथात गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि गाठ ही बाहेरून आलेल्या कीटकाच्या अंड्यापासून सुरू होते, हे निरीक्षणाने सिद्ध केले. तोवर युरोपातील कारकून व पंडित कित्येक शतके ह्याच ओकाच्या गाठी कुटून, त्यांत हिराकस मिसळून काळी शाई करीत होते. किड्याच्या घराच्या भिंतींपासून काढलेल्या शाईने त्यांनी धर्माचे, कायद्याचे व शास्त्राचे ग्रंथ लिहिले, आणि ते घर कोणाचे हा प्रश्न मात्र इतका काळ अनिर्णीत राहिला.

येथवर जे सांगितले ते झाडांच्या गाठींविषयी झाले. आता ज्या गाठीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. ती झाडावर येत नाही, झाडावर उगवलेल्या अळंबीवर येते.

अळंबी म्हटली म्हणजे पावसाळ्यात माळावर उगवणारी, दोन दिवसांत नाहीशी होणारी छत्री डोळ्यांपुढे येते. पण अळंब्यांचा आणखी एक वर्ग आहे. जुन्या वृक्षाच्या बुंध्याला भिंतीतल्या फळीप्रमाणे आडव्या चिकटलेल्या, लाकडासारख्या कठीण, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या अशा त्या असतात. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर अशीच एक अळंबी येते, तिला फणसोंबा म्हणतात. लहान मुलाच्या तोंडातून लाळ फार गळू लागली म्हणजे तो उगाळून हिरड्यांना लावण्याची तिकडे चाल आहे. अळंबी ही वनस्पती नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. तिला हिरवा रंग नाही. सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करणे तिला येत नाही. तिच्या पेशींच्या भिंती काइटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, आणि झुरळाच्या पाठीवरील कवच किंवा माशीचा पंख हाही काइटिनचाच असतो. आजचे शास्त्रज्ञ तर अळंब्यांना वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या अधिक जवळच्या नात्यातील मानतात. झाडाकडून घर बांधवून घेणारे कीटक हजारो आहेत. परंतु अळंबीकडून घर बांधवून घेणारे अगदी थोडे. त्या थोड्यांपैकी एकाचे घर पाहण्याचा योग मला माझ्या उतारवयात आला.

मी पुष्कळ वर्षे मुलांना शास्त्र शिकविले व यथाकाल निवृत्त झालो. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी माझी पत्नी वारली. घरात मी एकटा राहिलो, तेव्हा इंग्लंडात असलेल्या माझ्या कन्येने मला सहा महिन्यांकरिता आपल्याकडे नेले. तिचे घर लंडनच्या वायव्येस, चिल्टर्न नावाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. ह्या टेकड्यांवर बीच नावाच्या वृक्षांची मोठमोठी वने आहेत. बीचची साल हत्तीच्या कातड्यासारखी करडी व गुळगुळीत असते. पाने दाट असतात, आणि खाली गर्द सावली पडते. पूर्वी ह्या वनांत कारागीर झोपड्या बांधून राहत, बीचच्या ओल्या लाकडापासून खुर्च्यांचे पाय कातीत, आणि ते जवळच्या हाय विकम गावच्या कारखान्यांना पुरवीत. आज ते कारागीर राहिले नाहीत. वने मात्र पुष्कळ ठिकाणी राखलेली आहेत.

कन्या व जावई सकाळी कामावर जात. सायंकाळी नातीला शाळेतून आणणे एवढेच माझ्याकडे काम होते. माझी नात त्या वेळी आठ वर्षांची होती. तिचे मराठी आजीने दूरध्वनीवरून शिकविलेले. दर रविवारी आजी तिला दोन नवी अक्षरे सांगे आणि मागची दोन लिहून घेई. आजी गेल्यापासून तो पाठ थांबला होता. मी एकदोनदा तो पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, पण ती म्हणे, “आजोबा, नंतर.” मुलाचे ‘नंतर’ हे पुष्कळदा ‘नको’ असते, हे शिक्षकास सांगावयास नको. मीही आग्रह धरला नाही. घरात आजीविषयी कोणी फारसे बोलत नसे; मुलीला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोलत नव्हतो, आणि आम्हांला वाईट वाटेल म्हणून बहुधा ती बोलत नव्हती.

सप्टेंबर अखेरच्या एका शनिवारी आम्ही दोघे जवळच्या वनात फिरावयास गेलो. वाटेच्या कडेला एक प्रचंड बीच कित्येक वर्षांपूर्वी आडवा झालेला होता. त्याच्या खोडावर हातहातभर रुंदीच्या तपकिरी फळ्या एकीखाली एक उगवल्या होत्या. ह्या अळंबीचे शास्त्रीय नाव गॅनोडर्मा ॲप्लनाटम. तिचे वर्णन १८०० साली पर्सून नावाच्या शास्त्रज्ञाने प्रथम केले. तिची वरची बाजू कवचासारखी टणक व वळ्यावळ्यांची असते. खालची बाजू पांढरीशुभ्र असते, आणि त्या पांढऱ्या भागात डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी असंख्य बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र हे एका नळीचे तोंड होय. ह्या नळ्यांतून तिचे बीजाणू, म्हणजे बियांचे काम करणारी अतिसूक्ष्म धूळ, खाली गळते. मोठ्या अळंबीतून एका दिवसात सुमारे ३,००० कोटी बीजाणू बाहेर पडतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी केलेला आहे. त्यामुळे खालच्या अळंबीच्या पाठीवर कोको सांडावा तसा तांबूस तपकिरी थर बसलेला दिसतो. दर वर्षी नळ्यांचा एक नवा थर जुन्या थराखाली येतो, आणि अळंबी वाढत जाते.

खोडाचा एक कुजका ढलपा आपल्या भाराने सुटून गवतात पडला होता, आणि त्याला चिकटलेली एक अळंबी त्याबरोबर खाली आली होती. नातीने ती उलटी केली आणि तिच्या तळावरून बोटे फिरविली. “आजोबा, हिला पुटकुळ्या आल्यात!” असे ती म्हणाली. खरोखरच त्या पांढऱ्या तळावर टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या गाठी होत्या. काही ज्वारीच्या दाण्याहून थोड्या मोठ्या, काही बोटाच्या पेराच्या निम्म्या उंचीच्या. आम्ही त्या मोजल्या. त्या एकोणतीस भरल्या. त्यांतील अठरांच्या टोकास टाचणीने पाडावे तसे वाटोळे भोक होते; अकरा गाठी मात्र बंद होत्या.

ह्या गाठींविषयी मी पूर्वी वाचले होते, त्यामुळे त्या ओळखता आल्या. त्या एका माशीच्या आहेत. तिचे नाव ॲगॅथोमायिया व्हान्कोविची. हे नाव उच्चारताना नातीची बोबडी वळली, आणि आम्ही दोघेही हसलो. १८८४ साली वॉर्सा येथील श्नाब्ल ह्या कीटकशास्त्रज्ञाने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती पिवळसर रंगाची, घरमाशीहूनही लहान अशी असते. तिच्या कुळातील माश्यांच्या मागच्या पायांची पावले चपटी असतात, म्हणून त्या कुळास चपट्या पावलांच्या माश्यांचे कुळ म्हणतात. ह्या माश्या पानांवर वेड्यावाकड्या वळणांनी लगबगीने धावताना दिसतात; ह्याच कुळातील काहींना धुराचे एवढे वेड असते की, रानात कोठे शेकोटी पेटली, तर त्यांचे थवे धुरात येऊन नाचू लागतात. ह्या कुळातील अळ्या अळंब्यांत वाढतात. बहुतेकींना मऊ, लवकर संपणारी अळंबी चालते. आपल्या ह्या माशीने मात्र लाकडासारखी कठीण अळंबी निवडली, आणि तीही जवळजवळ ही एकच. हिच्यासारख्याच दिसणाऱ्या तिच्या एका बहिणीवर ह्या गाठी सहसा येत नाहीत. त्यामुळे दोघींतील भेद ओळखणे अवघड झाले म्हणजे जाणकार लोक आधी तळाशी गाठी आहेत की काय ते पाहतात. जो भेद मनुष्याने सूक्ष्मदर्शकातून ठरवावा, तो ह्या माशीला उपजतच ठाऊक असतो.

तिची अळी अळंबीच्या तळाच्या वाढत्या थरात शिरते व तेथे खाऊ लागते. ती जेथे खाते तेथे अळंबीचे तंतू दाटून, जोराने वाढून तिच्याभोवती भिंत उभारतात. त्या भिंतीच्या आत अळीला खावयास मिळते आणि ऊन, वारा व शत्रू ह्यांपासून आसराही मिळतो. पूर्ण वाढ झाली म्हणजे ती गाठीच्या टोकास भोक पाडते, आणि खाली जमिनीवर पडते. जमिनीत शिरून ती कोश करते, आणि कोशातून पुढे माशी बाहेर येते. रिकामे घर भोकासह तसेच अळंबीला लटकलेले राहते. ब्रिटनात ह्या गाठींची नोंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. आता दक्षिण इंग्लंडच्या वनांत त्या कोणासही आढळू शकतात. अट एवढीच की, त्याने वाकून खालून पाहिले पाहिजे.

मी हे सर्व नातीला सांगत होतो, आणि ती त्या अळंबीशी खेळत होती. ह्या अळंबीचा एक गमतीचा गुण आहे. तिच्या पांढऱ्या तळावर काडीने ओरखडा काढला की, तेथे ताबडतोब तपकिरी रेघ उमटते, आणि अळंबी वाळली म्हणजे ती रेघ कायमची राहते. म्हणून इंग्रज लोक तिला चित्रकाराची अळंबी असे म्हणतात. मी एक काडी घेऊन कोपऱ्यात एक पान काढून दाखविले. नातीने काडी माझ्या हातातून घेतली, थोडा वेळ विचार केला, आणि गाठींच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन अक्षरे लिहिली: ‘आजी’. ‘जी’ची वेलांटी उलटी झाली होती. तिने ती खोडून पुन्हा काढली नाही, आणि मीही काही सांगितले नाही.

मग तिने ती अळंबी घरी न्यावयाची ठरविली. तिच्या खोलीतील पुस्तकांच्या फळीवर ती ठेवावयाची, असे ती म्हणाली. मी बंद असलेल्या अकरा गाठींकडे बोट दाखविले. “ह्यांत अळ्या अजून असल्या तर?” मी विचारले. “त्यांना खाली माती लागते.” ती गप्प झाली. मी तिला निर्णय सांगितला नाही. ही अळंबी तिची होती, त्यावरचे नाव तिचे होते, आणि ते किती दिवसांनी तिने लिहिले होते हे मला ठाऊक होते. खरे सांगावयाचे तर ती अळंबी घरी न्यावी, असे मलाही वाटत होते.

बराच वेळ गेल्यावर तिने ती उचलली, त्या पडलेल्या खोडाच्या आडोशाला नेली, आणि ज्या बाजूस गाठी होत्या ती बाजू खाली करून पालापाचोळ्यावर ठेवली. पण पूर्ण दाबून नव्हे, तर एका कडेखाली दगड देऊन, म्हणजे अळीला बाहेर पडण्यास वाट राहील. तिने लिहिलेली अक्षरे आता मातीकडे तोंड करून होती. मग तिने विचारले, “आजोबा, हे झाड मेलेलं आहे, तर ते लोक हे काढून का नाही टाकत?”

हा प्रश्न केवळ झाडाचा नव्हता, असे मला वाटले. पण मी उत्तर झाडाचेच दिले. मी म्हणालो, “अगं, ह्या झाडाला पाने येत नाहीत, एवढे खरे. पण ते रिकामे नाही. अळंबी ह्या लाकडावर राहते, माशी अळंबीत राहते. आपण झाड काढून नेले, तर अळंबी जाईल. अळंबी गेली, तर माशीने अंडे कोठे घालावे? म्हणून ते लोक हे झाड मुद्दाम ठेवतात.” तिने विचारले, “किती दिवस?” मी म्हणालो, “ते संपूर्ण माती होईपर्यंत. त्याला तुझ्या वयाहून अधिक वर्षे लागतील.” एवढ्याने तिचे समाधान झालेसे दिसले. परत येताना वाटेत ती आजीविषयी बोलू लागली; आजी बाळगुटी कशी पाठवीत असे, तिच्यात काय काय असे, हे तिने मला विचारले. मायफळ व काकडशिंगी ह्यांची हकीकत मी तिला त्या वाटेवर सांगितली. त्या रविवारी अक्षरांचा पाठ पुन्हा सुरू झाला.

ही हकीकत मी केवळ घरगुती म्हणून सांगितली नाही. तीत एक विचार आहे, आणि तो आपल्या देशासही लागू आहे. आपण ज्याला ‘वठलेले झाड’ म्हणतो, ते पुष्कळदा वृक्षाच्या आयुष्याचे शेवटचे प्रकरण असते, आणि त्या प्रकरणात पात्रे सर्वांत अधिक असतात. जिवंत वृक्ष आपले लाकूड सालीच्या आड राखून ठेवतो. वृक्ष म्हातारा झाला म्हणजे अळंबीचे तंतू त्यात शिरतात. लाकडास कठीणपणा देणारे जे द्रव्य असते, ते पचविण्याची शक्ती फार थोड्या जीवांस आहे. गॅनोडर्मा ही त्यांतील एक होय. ती लाकूड पांढरट व भुसभुशीत करते, तेव्हा भुंगेऱ्यांच्या अळ्यांना ते कोरता येते, सुतारपक्ष्याला त्यात ढोली करता येते, आणि सुतारपक्ष्याने सोडलेल्या ढोलीत पोपट, मैना, पिंगळा ह्यांना आसरा मिळतो. ह्या सर्वांस जे मिळते, ते तरुण, निरोगी वृक्षाजवळ नसते. म्हातारपणीच देता येईल असे त्या वृक्षाजवळ काही असते, आणि ते तो देतो.

आपल्या पूर्वजांना अळंबीतील माशी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांनी एक नियम करून ठेवला होता, त्यात हे सारे आपोआप साधत असे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस, गावोगावी, देवाच्या नावाने राखलेली वने आहेत, त्यांना आपण देवराई म्हणतो. देवराईतील झाड तोडावयाचे नाही, इतकेच नव्हे, तर पुष्कळ ठिकाणी पडलेली वाळकी काटकीही चुलीस न्यावयाची नाही, असा दंडक असे. झाड पडले तर ते पडल्या जागी कुजावयाचे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी अशा देवरायांचा अभ्यास करून १९७६ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा ह्या जुन्या नियमाचे मोल शास्त्राच्या भाषेत जगापुढे आले. कित्येक देवराया मधल्या काळात तुटल्या. ज्या उरल्या आहेत, त्यांतील कुजणारी खोडे हा कचरा नव्हे, एवढे आपण ओळखावे. घरावर किंवा रस्त्यावर पडण्यासारखे झाड उतरविणे प्राप्तच आहे. मनुष्याच्या जिवापेक्षा झाड मोठे नाही. परंतु ते उतरविल्यावर त्याचा बुंधा परसाच्या एखाद्या कोपऱ्यात पडून राहू दिला, तर कोणाचे काय बिघडते?

आता विद्यार्थिमित्रांस थोडे सांगतो. येत्या पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, आपापल्या गावातील जुनी झाडे हिंडून पाहा. आंबा, फणस, बाभूळ, चिंच ह्यांच्या बुंध्यांशी फळीसारखी अळंबी आढळली, तर ती उपटू नका व तोंडात घालू नका. खाली वाका, आणि तिचा तळ पाहा. शक्य असल्यास भिंगातून पाहा. तळ पांढरा आहे की पिवळा, छिद्रे किती बारीक आहेत, त्यांत कोण हिंडते आहे, खाली धूळ कोणत्या रंगाची पडली आहे, हे वहीत लिहा, आणि तारीख घाला. मग घरातील वृद्धांना तिचे नाव विचारा. त्यांना ते बहुधा ठाऊक असेल, आणि नावाबरोबर एखादी गोष्टही मिळेल. शास्त्राचा आरंभ ह्याहून मोठ्या साधनांनी कधीच झालेला नाही. माल्पिगीने गाठी फोडून पाहिल्या तेव्हा त्याच्याजवळ चाकू, भिंग आणि धीर ह्यांवाचून फारसे काही नव्हते.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कुजके लाकूड उलटे करून त्याखालचे किडे पाहत बसली, म्हणजे “ह्याचा उपयोग काय?” असा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. तो प्रश्न वाईट नाही. परंतु त्याचे उत्तर त्याच दिवशी मागू नये. ओकाच्या गाठीपासून शाई झाली, पण ती शाईसाठी वाढली नव्हती. अळंबीच्या गाठीपासून अद्याप मनुष्यास शाई मिळालेली नाही व औषधही मिळालेले नाही. मला तिच्यापासून जे मिळाले ते असे की, घरातील जो विषय सहा महिने कोणाच्याने काढवत नव्हता, तो एका मुलीने आपण होऊन काढला.

मुलांना घेऊन एकदा रानात जा. वाटेत आडवे झालेले खोड दिसले, तर ते ओलांडून पुढे जाण्यापूर्वी त्याच्याजवळ पाच मिनिटे बसा.